मोज्यातल्या पाच बाटल्या

माणसाची संस्कृती त्याच्या जिभेवर वसते आणि जीभ घडवावी ती वाइननेच, असं कीपरसोलक्लूफ वाइन मंडळाच्या घटनेच्या पहिल्या कलमात लिहिलेलं आहे. ज्या शनिवारी हे कलम एकमताने मंजूर झालं त्या शनिवारी मंडळाचे सगळे सभासद बिअर पीत होते. वाइन कोणी आणायची यावर एकमत झालं नव्हतं.

कलम लिहिलं होतं लोरेन्स ग्रोब्लारने. लोरेन्स तीस वर्षं एका बँकेच्या जोखीम खात्यात होता. म्हणजे लोक त्याच्याकडे आशेने यायचे आणि तो 'नाही' म्हणायचा. हे काम त्याला मनापासून आवडायचं. निवृत्त झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता 'नाही' ऐकून घ्यायलासुद्धा कोणी येत नाही. घरात मारिएट पडदे बदलायची, गाडी विकायची, मुलीला फोनवर सल्ले द्यायची, आणि बायकोचे हे सगळे निर्णय लोरेन्सला जेवताना कळायचे. कधीकधी तेव्हाही नाही.

उरलं होतं ते एक वाइन मंडळ. तिथे मात्र लोरेन्सने ग्लास नाकाशी नेला की टेबलावरची कुजबुज थांबायची. तो डोळे मिटायचा, थोडा वेळ कोणी वारल्यासारखा चेहरा करायचा आणि म्हणायचा, 'हं.' त्या 'हं'चा सूर ऐकून बाकीचे आपापली मतं बेतून घ्यायचे.

त्यात मंडळाचा संस्थापक अध्यक्ष एतिएन कायमचा पर्थला निघाला, मुलीकडे. प्रिटोरियाच्या पूर्वेकडच्या कीपरसोलक्लूफ या भिंतबंद वस्तीतली निम्मी माणसं पर्थला जातात आणि उरलेली निम्मी 'आम्ही नाही बाबा देश सोडणार' असं म्हणत घराचा भाव काढून ठेवतात. अध्यक्षाची खुर्ची रिकामी होणार म्हटल्यावर लोरेन्सची झोप उडाली. त्या खुर्चीमागच्या फलकावर सोनेरी अक्षरांत नाव लागायचं. केपच्या वार्षिक सहलीला कुठल्या मळ्यावर जायचं आणि कुठल्या नाही, हे अध्यक्ष ठरवायचा. थोडक्यात, पुन्हा 'नाही' म्हणता आलं असतं.

आता ही निवड मतांवर होत नसे. घटनेनुसार प्रत्येक सभासदाने एक लाल वाइन आणायची, लेबल दिसू नये म्हणून तिसऱ्याच कोणीतरी बाटलीला मोजा चढवायचा, सगळ्यांनी चाखून गुण द्यायचे, आणि जिच्या गुणांची बेरीज सर्वांत जास्त तिचा मालक अध्यक्ष. अटी दोन. पहिली, वाइन दुकानातून पुऱ्या किमतीला घेतलेली हवी. सवलतीतला, उरलासुरला माल आणणाऱ्याचं सभासदत्व जागच्या जागी रद्द. ही अटही लोरेन्सनेच घातली होती आणि ती मांडताना त्याचा आवाज किंचित कापला होता. दुसरी अट गेल्या वर्षीची: वाइनला श्वास घेता यावा म्हणून बाटली दोन तास आधी घरीच उघडून आणायची. मंडळाच्या इतिहासात एका शब्दाची चर्चा न होता मंजूर झालेला हा एकमेव ठराव. हात तर असे झटकन वर गेले होते की एतिएनला मोजायलाही वेळ मिळाला नाही.

लोरेन्सला ही दुसरी अट का आवडली, त्याचं कारण त्याच्या गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्रामागे एका खोक्यात होतं.

झालं होतं असं. निवृत्तीनंतर पुऱ्या किमतीची वाइन लोरेन्सला परवडेनाशी झाली. ही गोष्ट त्याने मारिएटला सांगितली नव्हती, आणि मारिएटला ती माहीत होती. मग एके दिवशी त्याला 'शेवटचं पिंप' नावाचं ऑनलाइन दुकान सापडलं. हा धंदा तसा सरळ आहे. नवी द्राक्षं खुडायला येतात तेव्हा मोठ्या मळ्यांच्या टाक्यांमध्ये आदल्या सालची वाइन उरलेली असते. टाक्या तर रिकाम्या हव्यात, पण आपल्या नावाने ती स्वस्तात विकली तर पुढच्या वर्षी पुरा भाव कोण देणार? म्हणून मळेवाले ती गुपचूप अशा दुकानदाराला देतात. तो कोऱ्या पांढऱ्या लेबलाखाली ती निम्म्याहून कमी भावात थेट घरपोच विकतो आणि मळ्याचं नाव न सांगण्याच्या करारावर सही करतो. नाव सांगायचं नाही, पण सुचवायला कोण अडवतं? म्हणून प्रत्येक वाइनबरोबर एक कोडं येतं.

लोरेन्सला आलेली मेल अशी होती: 'मित्रा लोरेन्स, ही वाइन कोणाची ते सांगितलं तर मालक आमच्या अंगावर वकील सोडेल. एवढंच सांगतो. डोंगराचा उतार. नावात एक प्राणी. आणि पाच तारे. तुझ्यासारख्या जाणकाराला यापेक्षा जास्त सांगणं म्हणजे तुझा अपमान. फक्त शेवटची काही खोकी उरली आहेत.'

अपमान टाळण्यासाठी लोरेन्सने एक खोकं मागवलं. पहिला घोट घेण्याच्या आतच त्याने कोडं सोडवलेलं होतं. डोंगर, प्राणी, पाच तारे: वोल्वेबर्ग. दुसरं काय असणार? वोल्वेबर्ग म्हणजे लांडग्यांचा डोंगर, आणि लेबलावरही लांडगाच आहे. वोल्वेबर्ग ही देशातली अशी वाइन की जिचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात. लोरेन्सने ती आयुष्यात एकदाच प्यायली होती, बँकेने निरोपाला दिलेली बाटली. ती रिकामी बाटली अजून बैठकीच्या कपाटात होती, जिथे इतरांच्या घरी लग्नाचा फोटो असतो.

पुढचा विचार त्याच्या मनात आपोआप आला, म्हणजे त्याने तो येऊ दिला. ही वाइन वोल्वेबर्गची. ही बाटली वोल्वेबर्गची. मग वाइन बाटलीत भरली तर ती फसवणूक कशी? उलट परक्या घरी पडलेल्या लेकीला माहेरी पोचवण्यासारखं आहे ते.

शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघरात नरसाळं घेऊन उभा होता. मारिएट कॉफी घ्यायला आली.

"काय करतोयस?"

"वाइनला श्वास देतोय."

"एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत?"

"असाच देतात."

मारिएटने कोऱ्या लेबलाच्या बाटलीकडे पाहिलं, लांडग्याकडे पाहिलं, नरसाळ्याकडे पाहिलं. "ते नरसाळं मी गाडीच्या तेलासाठी ठेवलंय," ती म्हणाली आणि कॉफी घेऊन बाहेर गेली.

लोरेन्सने नरसाळ्याचा वास घेतला. मग म्हणाला, "हं." त्याला त्यात ओल्या मातीची आणि चामड्याची छटा जाणवली. तशी छटा असणं चांगलंच असतं.

मोजे चढवायला आणि ओतायला कोणीतरी तटस्थ माणूस लागतो. यंदा ते काम मारिएटच्या भावाला, फानीला, दिलं होतं. फानी ब्रिट्सला ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. सुपरमार्केटच्या खोक्यातली वाइन, तोटीखाली ग्लास धरून, वर मूठभर बर्फ टाकून पितो. उन्हाळा असला की कोकही टाकतो. त्याची निवड करताना एतिएनने ठरावात लिहिलं होतं, 'चवीबाबत संपूर्ण निःपक्षपाती.'

"दाजी, एवढं सांगा," गाडीत बसता बसता फानीने विचारलं. "ही तुमची वाइन थुंकायची असते की प्यायची?"

"चाखायची असते."

"म्हणजे थुंकायचीच. पैसे देऊन?"

"फानी, तिथे शक्यतो बोलू नकोस."

"मी कशाला बोलतोय. मी मोजे आणलेत. शाळेच्या रग्बी टीमचे. धुतलेत हो एकदा."

मंडळाची जागा म्हणजे वस्तीतला जुनं स्क्वॉश कोर्ट. खेळ बंद पडल्यावर तिथे अंधार, गारवा आणि एक मोठं टेबल एवढंच उरलं, तेव्हा वस्तीच्या समितीने ते 'तळघर' म्हणून मंडळाला दिलं. बाहेर ब्रायची शेगडी पेटवून ठेवलेली होती. चाखणं संपल्यावर मांस भाजायचं. आत पाच सभासद टेबलाभोवती बसले होते: एतिएन, लोरेन्स, दातांचा डॉक्टर व्हर्नन गोवेंडर, घरं विकणारी ब्रिजेट, आणि ॲडव्होकेट दिकेलेदी सेखोटो.

खरी लढत दिकेलेदीशी आहे, हे लोरेन्सला माहीत होतं. ती मंडळात येऊन दोनच वर्षं झाली होती, पण तिचं 'हं' त्याच्यापेक्षा लांब असायचं.

"लोरेन्स सर, आज जरा ओढलेले दिसताय," ती म्हणाली. "झोप नाही झाली का?"

"जीभ ताजी राहावी म्हणून रात्री जेवलो नाही."

"मी परवापासून कॉफी सोडलीय."

"मी टूथपेस्ट सोडलीय," व्हर्नन म्हणाला. दातांच्या डॉक्टरकडून हे ऐकून सगळ्यांनी आदराने माना हलवल्या. ब्रिजेटने खुर्ची थोडी लांब घेतली.

फानी पडद्यामागे गेला. पाचही बाटल्यांना त्याने हिरवे पांढरे मोजे चढवले, त्यांची जागा उलटसुलट केली, वर आकड्यांच्या चिठ्ठ्या लावल्या आणि ग्लास भरून आणले. पहिल्या ग्लासांत त्याच्या हातून जरा जास्त पडली. दुसरी बाटली एअर कंडिशनरच्या खाली राहिल्यामुळे गारठली होती. तिसरी ओतेपर्यंत कोणीतरी बिल्टाँगचे तुकडे फिरवले, आणि त्या वाळवलेल्या मांसाच्या मिठामिऱ्यांनी सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

लोरेन्सने पहिला ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले. कुठेतरी दूर गवत कापायचं यंत्र चालू होतं.

"हं," तो म्हणाला. "इथे मोठेपणा आहे."

"वंश आहे," दिकेलेदी म्हणाली.

"मला डोंगर दिसतो," ब्रिजेट म्हणाली. तिला घरं विकतानाही डोंगर दिसायचा, आणि प्रिटोरियात तो सहसा नसायचा.

दुसरी सगळ्यांना 'मिटलेली' वाटली. व्हर्ननने तिला अजून दहा वर्षं द्यायला सांगितलं. ती एवढ्या तरुण वयात उघडणाऱ्याची कीव आली, असंही तो म्हणाला. ती त्याचीच होती, पण ते त्याला कुठून कळणार?

तिसऱ्या बाटलीवर मात्र लोरेन्स सावध झाला. त्याने घोट घेतला, तोंडात फिरवला, बादलीत थुंकला आणि ग्लास टेबलावर असा ठेवला की आवाज व्हावा.

"मी कोणावर आरोप करत नाही," तो म्हणाला. बँकेत कर्ज नाकारायच्या आधी तो हेच वाक्य म्हणायचा. "पण हा उरलेला माल आहे. टाकीच्या तळाचा. ऑनलाइन कोऱ्या लेबलाखाली विकतात ना, तसला."

टेबलावर एकदम गारठा पसरला. एतिएनने पाण्याचा घोट घेतला. ब्रिजेट मोज्याकडे बघत राहिली. व्हर्ननने जिभेने आपलेच दात तपासले.

"तुम्हाला तो कसा लागतो, हे कसं ठाऊक?" दिकेलेदीने विचारलं.

"वाचून."

"मीही वाचलंय," ती लगेच म्हणाली. "आणि मलाही अगदी तसंच वाटतं. पातळ. गरीब. माफ करा, पण चारचौघांसमोर हे आणायला धाडस लागतं."

"किंवा गरज," एतिएन म्हणाला.

सगळ्यांनी तिसरीला पाचातले एक दोन गुण दिले आणि एकमेकांकडे संशयाने पाहिलं. चौथीत चेरी सापडली, जुनं कपाट सापडलं. पाचवीत दिकेलेदीला शाळेच्या प्रयोगशाळेचा वास आला आणि लोरेन्सला चक्क ताजेपणा. यावरून दोघांत थोडी बाचाबाची झाली, तिला एतिएनने 'सुसंस्कृत मतभेद' असं नाव दिलं.

"फानीसाहेब, तुम्हीही चाखलीत ना?" व्हर्ननने मजेने विचारलं. "तुमचा कौल काय?"

फानीने लोरेन्सकडे पाहिलं. लोरेन्सने डोळ्यांनी 'नको' सांगितलं.

"मला विचाराल तर," फानी म्हणाला, "पाचही एकच लागल्या."

स्क्वॉश कोर्टात हसू घुमलं. तिथे आवाज तसाही घुमतो. ब्रिजेटने डोळे पुसले. दिकेलेदी म्हणाली, "अशी माणसं आहेत म्हणून बर्फाचा धंदा चालतो." लोरेन्स सगळ्यात जास्त हसला, कारण मेव्हणा त्याचा होता आणि त्याच्यापासून अंतर राखणं निकडीचं होतं.

"हसा," फानी म्हणाला. "बर्फ कुठाय?"

गुणांची बेरीज झाली. पहिली बाटली पहिली आली. एतिएन उठला, त्याने खाकरून घसा साफ केला आणि एकेक मोजा उतरवायला सुरुवात केली. दुसऱ्या बाटलीच्या लेबलावर गरुड होता: व्हर्ननचा. चौथीवर हत्ती: ब्रिजेटचा. पाचवीवर एलांड, म्हणजे थोराड हरीण: स्वतः एतिएनचं. हे सगळे मळे असे की त्यांच्या फाटकातून आत जायला आधी वेळ घ्यावी लागते. तिसरीचा मोजा उतरवताना सगळे पुढे वाकले. आतून बिबळ्या निघाला, देशातल्या तीन सर्वांत महागड्या वाइनपैकी एकीचा. दिकेलेदीचा चेहरा काही सांगत नव्हता. ती वकील होती.

"हं," लोरेन्स म्हणाला. "ते साल वाईट गेलं त्यांना."

"पाऊस," एतिएन म्हणाला.

"पाऊसच," ती म्हणाली. "मलाही घेताना शंका आली होती."

मग पहिलीचा मोजा उतरला आणि लांडगा दिसला.

टाळ्या वाजल्या. लोरेन्सला वाटलं होतं की आनंद होईल. झाला, पण त्याआधी त्याने फलकावरची मोकळी जागा डोळ्यांनी मोजून घेतली. एतिएनने त्याला खुर्चीकडे नेलं. खुर्ची ओकच्या पिंपाची बनवलेली होती आणि पाठीला टोचायची. लोरेन्स तिच्यात बसला, मग बोलायला उठला.

"मित्रहो," तो म्हणाला, "आज आपण काय सिद्ध केलं? दर्जा लपत नाही. मोजा चढवा, काहीही करा. आणि हिणकसही लपत नाही. बाजारात सध्या लोकांना वाटतं की थोर वाइन सवलतीत घरपोच मिळते. हा भ्रम आहे. अध्यक्ष या नात्याने मी सांगतो की उरलेला माल आपल्या जिभेवर एक क्षणही..."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. एतिएनचाही वाजला. व्हर्ननचा टेबलावर थरथरत ग्लासाला जाऊन लागला. ब्रिजेटचा पर्समध्ये, दिकेलेदीचा कोटात. पाच फोन, एका क्षणी, एकच टिंग.

लोक अशा वेळी जे करतात तेच सगळ्यांनी केलं. पाहिलं.

'मित्रा लोरेन्स,' त्याच्या फोनवर लिहिलं होतं, 'गुप्ततेचा करार आज संपला. आता नाव सांगायला आम्ही मोकळे.'

लोरेन्सची खात्रीच पटली. आता वोल्वेबर्ग लिहिलेलं असणार, काळ्यावर पांढरं. मग नरसाळ्याचंही पाप उरणार नाही. त्याने मान वर केली तर समोर चार चेहऱ्यांवर तीच आशा फुललेली होती. व्हर्नन गरुडाची वाट पाहत होता, ब्रिजेट हत्तीची, एतिएन एलांडाची, दिकेलेदी बिबळ्याची. लोरेन्सने गरुडाकडे पाहिलं, हत्तीकडे पाहिलं, आणि टेबलावर उभ्या असलेल्या त्या अभयारण्याचा अर्थ त्याच्या डोक्यात हळूहळू शिरला. इतरांच्याही शिरत होता. तो कुठवर शिरला आहे ते प्रत्येकाच्या मानेवरून कळत होतं.

मग सगळ्यांनी अंगठ्याने मेल खाली सरकवली.

मळ्याचं नाव डोंकीड्रिफ. डोंगराचा उतार खरा होता. मळा त्याच्या पायथ्याशी, हमरस्त्याला लागून. पाच तारे खरे होते, ते मळ्यावरच्या अतिथिगृहाला मिळालेले. नावात प्राणीही होता. गाढव. सोबत नव्या लेबलाचं चित्र जोडलं होतं. गाढवाने मान वळवून पाहणाऱ्याकडे बघितलेलं होतं.

बाहेर शेगडीतला एक निखारा तडकला.

"काय झालं?" फानीने विचारलं. त्याच्या हातात बर्फाचा डबा होता. "कोणी गेलं का?"

"नाही," एतिएन म्हणाला. "जाहिरात आहे."

"जाहिरातच," व्हर्नन म्हणाला.

"विम्याची," ब्रिजेट म्हणाली.

"पाचही जणांना?"

"विमा सगळ्यांनाच लागतो," दिकेलेदीने सांगितलं आणि फोन पालथा घातला. मग तिने लोरेन्सकडे पाहिलं. त्याला उघडं पाडायला तिला एकच वाक्य लागलं असतं, पण त्या वाक्याची सुरुवात 'मलाही आलेल्या मेलमध्ये' अशी करावी लागली असती. "अभिनंदन, अध्यक्ष," ती म्हणाली. "तुमचं बोलणं अर्धं राहिलं."

"उरलेल्या मालाबद्दल सांगत होतात," एतिएनने आठवण करून दिली. त्याला काय, तो पर्थला चालला होता.

लोरेन्स उभा होता. पाठीमागे फलक होता, त्यावर त्याच्या नावाची जागा मोकळी होती. त्याने तीस वर्षं जी जोखीम मोजली होती ती सगळी एकदा मनात मोजून पाहिली.

"जिभेवर एक क्षणही टिकत नाही," तो म्हणाला. "एवढंच सांगायचं होतं."

टाळ्या पुन्हा वाजल्या, पहिल्यापेक्षा जोरात. प्रत्येकजण स्वतःसाठी वाजवत होता.

फानीने कोणाला न विचारता पाचही बाटल्यांतलं उरलेलं एका जगमध्ये ओतलं, लांडगा, बिबळ्या, गरुड, हत्ती, एलांड सगळे एकत्र, आणि वर बर्फाचा डबा उपडा केला. एरवी या गुन्ह्यासाठी माणसाला फाटकाबाहेर काढलं असतं. आज पाचही ग्लास गुपचूप पुढे आले.

"आता कशी लागते, दाजी?" फानीने विचारलं.

लोरेन्सने ग्लास नाकाशी नेला नाही. तो सरळ प्यायला, आणि थुंकायचं विसरला. मग सगळे बाहेर मांस भाजायला गेले, आणि तो फोन खिशात ठेवता ठेवता मेलची शेवटची ओळ वाचत एकटाच मागे राहिला. तिथे लहान अक्षरांत लिहिलं होतं की माल भरपूर शिल्लक आहे आणि भाव आणखी उतरवला आहे.